रंगेल म्हणून गाजलेला माणूस खरंच थांबतो का? अखाजीपर्यंत उत्तर द्यायचंय

कांदेबाग (रावेर तालुका) | रविवार, रात्री १०.४०

सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) संपतं आणि नवं ठरतं. यंदा आईने मलाही तीच मुदत दिली आहे. "हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण अखाजीच्या आत म्हण. पितरांची घागर भरायच्या दिवशी घरात काही लोंबकळतं नको." म्हणून इथे लिहायला बसले. नाव कुणाचंच देणार नाही.

मी ३१ वर्षांची. शेतकीची पदवी घेऊन घरची शेती बघते. साडेतीन एकर केळी, जी-नाइन वाणाची सुमारे सहा हजार झाडं. वडिलांचे गुडघे गेल्यापासून कापणीच्या दिवशी काट्यावर मी बसते. वजन, दांड्याची वजावट, भाव, सगळं माझ्या वहीत असतं.

तो केळीचा व्यापारी, वय ३६. आमच्या भागात त्याला सगळे ओळखतात, पण धंद्यामुळे नाही. कॉलेजात असल्यापासून त्याची लफडी गावोगाव सांगितली जायची. बुलेट, मग पुण्यातली चार वर्षं, एकीशी बोलणं चालू असतानाच दुसरीला फिरायला नेणं. घरच्यांनी दोनदा सोयरीक जमवली, दोन्ही वेळा यानेच मोडली. आमच्याकडच्या बायका वयात आलेल्या पोरींना त्याचंच उदाहरण द्यायच्या.

तो पहिल्यांदा बागेत आला तेव्हा सकाळचे सहा वाजले होते आणि अंगात इस्त्रीचा शर्ट होता. "गाडी कधी लागेल ते कळवायला नंबर द्या," म्हणाला. मी वडिलांचा दिला. पुढचे आठ महिने तो वडिलांनाच फोन करत राहिला, आणि वडिलांना तो आवडू लागला ही गोष्ट माझ्या लक्षात उशिरा आली.

एका कापणीला वजनात फरक दिसला. मी गाडी थांबवली. त्याने सगळ्यांसमोर काटा पुन्हा लावला, आपल्याच माणसाची चूक निघाली म्हणून त्याला बाजूला केलं, आणि न मागता मागच्या दोन कापण्यांचाही फरक दिला. त्या दिवशी मी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

मग गेल्या जूनमधलं वादळ. मृगबागेचे, म्हणजे आदल्या मृगात लावलेल्या केळीचे, घड कापणीला आलेले, बांबू लावलेले, तरी पाऊण तासात बाग आडवी झाली. केळीची बाग पडलेली ज्यांनी पाहिली नाही त्यांना कसं सांगू? झाड मोडतं तेव्हा आवाज फार होत नाही. सगळी बाग नुसती जमिनीला टेकते, आणि वर अचानक एवढं मोठं आभाळ दिसतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. माझी समजूत घालायला एक शब्द बोलला नाही. विम्याला ७२ तासांच्या आत कळवायचं असतं आणि पंचनाम्याला आकडा लागतो, म्हणून माझ्यासोबत ओळीने झाडं मोजायला लागला. अंधार पडेपर्यंत आम्ही ४,१०० मोजली. त्याने त्या बागेपोटी आम्हाला ५०,००० रुपये इसार दिला होता. त्याचं नावही काढलं नाही. दिवाळीत मीच विषय काढला तर म्हणाला, "तो बागेला दिला होता. बाग उभी राहू दे."

श्रावणात कानबाई देवीच्या विसर्जनाला नदीवर गेलो होतो. परतताना तो म्हणाला, "मला तुझ्याशी लग्न करायचंय. पण आधी सगळं ऐकून घे." आणि सांगितलं. फुशारकी नव्हती, रडारडही नव्हती. धुळ्याच्या एका मुलीला त्याने लग्नाचा शब्द दिला होता, तीन वर्षं तिला थांबवलं आणि एके दिवशी तिचा फोन उचलणं बंद केलं. मी म्हटलं, कोण ती? म्हणाला, "तिचं नाव मी सांगणार नाही. ते सांगायचा मला हक्क नाही."

त्या वाक्यापाशी मी आठ महिने अडकले आहे.

माझं त्याच्यावर प्रेम आहे. आडून कशाला लिहू? पण रात्री फोनवर प्रेमकथा वाचते त्यात रंगेल नायकाला एक साधी मुलगी दिसते आणि तो चौथ्या भागात सरळ होतो. मला ते पटत नाही. तो माझ्यामुळे बदलला असेल तर ज्या दिवशी मी त्याला जुनी होईन त्या दिवशी काय? तुमच्यापैकी कुणी असा माणूस जवळून पाहिलाय? खरं लिहा.

---

भुसावळ_फलाट | रविवार, रात्री ११.१५

ताई, राग मानू नका, स्पष्ट लिहितो. माझ्या मावसबहिणीला असाच मुलगा दिला. "लग्न झालं की सुधारेल" हे वाक्य तिच्या साखरपुड्यात मी स्वतः चार जणांच्या तोंडून ऐकलं. पहिलं वर्ष छान गेलं. मग कामासाठी बाहेर राहणं वाढलं, फोन उलटा ठेवणं सुरू झालं. आज ती दोन मुलांना घेऊन माहेरी आहे, आणि तेच चार जण आता म्हणतात की तिलाच त्याला सांभाळता आलं नाही.

केळीच्या व्यापाऱ्याचा माल दिल्ली-पंजाबला जातो. बाहेर राहायला त्याच्याकडे कायम कारण असणार. तुम्ही कुठवर विश्वास ठेवाल? माझं मत नाही.

---

अंगणातला_झोका (अमळनेर) | सोमवार, सकाळी ७.०५

त्या कथा मीही वाचते, दुपारी भांडी झाल्यावर. एक गोष्ट मला कायम टोचते. नायकाच्या आधीच्या बायका त्यात नुसत्या लांब केस आणि अत्तराचा वास एवढ्याच असतात. त्या घरी गेल्यावर रडल्या का, त्यांच्या आयांनी त्यांना काय विचारलं, पुढचं स्थळ आलं तेव्हा त्यांनी काय सांगितलं, काहीच नाही. नायिका आली की त्या पानावरून पुसल्या जातात. तुमच्या माणसाने त्या धुळ्याच्या मुलीला पुसलं नाही, हे मला मोठं वाटलं.

आणि दुसरं, जे लिहिल्याशिवाय राहवत नाही. मुलगा "सुधारला" की घरात पेढे वाटतात. मुलीचं एकदा कुणाशी नुसतं बोलणं झालं असेल तर तिला सुधारायची सोयच नाही, तिच्यावर तो डागच. त्याने तुमच्याबद्दल काही विचारलं का कधी?

---

यावलचे_अण्णा | सोमवार, सकाळी ९.३०

बाई, तुले एक इचारतो. पोरगा काट्यावर कसा हाये ते तू सांगितलं, पण तू समोर असताना. तू नसते तठी कसा हाये?

पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहितो. मी ४० वर्षं केळी केली. व्यापाऱ्याचा स्वभाव त्याच्या दोस्तांना विचारून कळत नाही, सोयऱ्यांना तर मुळीच नाही. कापणीच्या टोळीला विचारावं. ते मजूर पहाटे तीनला त्याच्या गाडीत बसतात, त्याचे फोन त्यांच्या कानावर पडतात, त्यांच्या बायका घडांना कागद लावायला येतात तेव्हा तो कसा उभा राहतो, कसा बोलतो, ते सगळं त्यांना ठाऊक असतं. आणि ज्या शेतकऱ्याची एकच एकर बाग आहे, जो पुन्हा त्याच्या उपयोगी पडणार नाही, त्याचे पैसे वेळेवर दिले का तेही बघ. जाहीर भाव एक आणि हातात पडणारा भाव दुसरा, हे आपल्याकडे नेहमीचं. त्यात त्याने किती खाल्लं? जो एका ठिकाणी शब्द पाळतो तो दुसऱ्या ठिकाणी पाळेलच असं नाही, हे मला मान्य आहे. पण जो कुठेच पाळत नाही तो तुझ्यापाशीही पाळणार नाही.

---

परत_गावी (पाचोरा तालुका) | सोमवार, रात्री ११.५०

मी असाच होतो. ओळख लपवून का होईना, लिहितो, कारण या बाजूने सहसा कुणी लिहीत नाही.

लोकांना वाटतं अशा माणसाला बायकांची हौस असते. माझ्यापुरतं सांगतो, मला एकटं राहायची भीती होती. फोनवर कुणाचा तरी निरोप आल्याशिवाय झोप लागायची नाही. एकीचा यायला उशीर झाला तर दुसरी, दुसरीचा झाला तर तिसरी. त्या माणूस आहेत हे मला माहीत होतं, पण ते मी मनावर घेत नव्हतो. यात कुणाचाही दोष नाही, माझाच आहे.

२०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मी पुण्याहून गावी आलो. सहा महिने घरात. उन्हाळ्यात सगळे ओट्यावर झोपायचो. मी एका रात्री दोन फोन केले. आई पलीकडे जागी होती. मी दोघींना तेच वाक्य बोललो होतो, शब्दाला शब्द तेच, आवाजसुद्धा तोच. सकाळी चहा देताना आई एवढंच म्हणाली, "तुना शब्द घसाई गयात रे भाऊ." तुझे शब्द झिजले, असं.

रागावली नाही. त्यानंतर मी कुणाशी गोड बोलायला गेलो की मला माझाच आवाज ऐकू यायचा. दोन वर्षं मी कुणाशीच तसं बोललो नाही. त्यातले पहिले काही महिने दारू सोडणाऱ्याचे असावेत तसे गेले. बायको त्याच्यानंतर भेटली. ती भेटली म्हणून मी थांबलो असं ती स्वतःही म्हणत नाही.

म्हणून ताई, एक विचारा त्याला. तुम्ही भेटण्याआधी किती काळ तो एकटा होता? तुमच्या आणि आधीच्या बाईच्या मधे मोकळी जागा होती का? तुमचं सगळं दुखणं त्या प्रश्नात आहे असं मला वाटतं.

---

कांदेबाग | बुधवार, रात्री १०.२०

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. फलाटदादा, तुमच्या बहिणीचं वाचून पोटात कालवलं. तुमचं "नाही" मी बाजूला टाकलेलं नाही.

अण्णा, तुमचं ऐकून काल टोळीतल्या एका मावशींकडे गेले. त्या आमच्याच गावच्या, सहा वर्षं त्याच्या गाडीवर जातात. आधी काही बोलेनात. मग म्हणाल्या, "आधी गाडीत सारखा फोनवर हसायचा. तीनेक वर्षं झाली, आता झोपतो." तीन वर्षं. मी त्याला भेटून पावणेतीन होतील. परत_गावी, तुमचा प्रश्न मी त्याला सरळ विचारला. तो म्हणाला, तुझ्याआधी सहा महिने कुणी नव्हतं, आणि तुला भेटल्यावरही वर्षभर तुझ्याबद्दल तसं काही मनात आणायचं नाही असं ठरवलं होतं. कारण विचारलं तर म्हणाला, "तेव्हा माझाच माझ्यावर भरवसा नव्हता." सहा महिने म्हणजे फार नाहीत. पण त्याने दोन वर्षं सांगितली असती तरी मला ती पडताळता आली नसती, आणि त्याने सहाच सांगितले.

झोकाताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला तीन दिवस लागले. माझा साखरपुडा मोडलेला आहे. २४ व्या वर्षी. समोरच्यांनी मोडला, आणि गावाने कारण माझ्यात शोधलं. दोन वर्षं मी कानबाईला कुणाच्या घरी गेले नाही. हे त्याला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत आहे. त्याने कधी विचारलं नाही. मी आपणहून सांगितलं तेव्हा एवढंच म्हणाला, "म्हणजे मी ज्यांचं मोडलं त्या दोघींचंही असंच झालं असेल." बराच वेळ गप्प बसला होता.

---

पांझराकाठ (धुळे) | गुरुवार, पहाटे ५.१०

धाग्यात धुळे वाचलं आणि धस्स झालं. तुमचा माणूस तो नव्हे, वयं जुळत नाहीत, हे आधी सांगते म्हणजे तुमची झोप उडणार नाही.

मी अशा एका माणसाची "आधीची" आहे. चार वर्षं. त्याचा साखरपुडा दुसरीकडे झाला हे मला व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोतून कळलं. त्याच्यावर मी लिहीत बसणार नाही. लिहायचंय ते पुढचं. सहा वर्षांनी त्याचा निरोप आला. मी साक्रीच्या एसटीत होते. "मला माफ कर, मी आता बदललोय, मनावर ओझं होतं." मला कुसुंब्याला उतरावं लागलं, बसवेना. स्टँडवर बसून राहिले. सहा वर्षांत मी नोकरी लावून घेतली होती, घर सावरलं होतं, त्याचं नाव मनात आणायचं सोडलं होतं. त्याने आपलं ओझं उतरवलं आणि मला धरायला दिलं. म्हणून पहिली विनंती, तुमच्या माणसाला त्या मुलीला फोन करायला लावू नका. आपल्या संसाराची सुरुवात स्वच्छ व्हावी म्हणून तर नकोच.

मग त्याने काय करावं? मला जे हवं होतं ते सांगते. तो सोडून गेला त्याचं दुःख एकीकडे. त्याच्यानंतर आमच्या गल्लीत माझ्याबद्दल बोललं गेलं ते जास्त लागलं. "तीच तशी होती, म्हणून त्याने सोडली." त्याच्या घरच्यांनी तसं सांगितलं, त्याच्या दोस्तांनी सांगितलं, आणि तो गप्प बसला. त्याला ते सोयीचं होतं. त्याने एकदा, एकाच ठिकाणी, चार माणसांत म्हटलं असतं की तिची काही चूक नव्हती, तर माझ्या आईचं शेवटचं वर्ष वेगळं गेलं असतं.

हे करायला तिला शोधावं लागत नाही. तिला कळायचीही गरज नाही. बैठकीत कुणीतरी तो विषय काढेलच, आपले लोक काढतातच. तेव्हा त्याच्या तोंडून काय निघतं ते ऐका. त्याला पढवू नका. हा धागाही दाखवू नका.

---

परत_गावी | गुरुवार, सकाळी ८.४५

पांझराकाठताई, मी असे चार निरोप पाठवले होते. मला वाटत होतं मी चांगलं काम केलं. काय लिहू कळत नाही.

---

पांझराकाठ | गुरुवार, दुपारी १.३०

काही लिहू नका. आता पाठवू नका म्हणजे झालं. त्यांचं नाव कुठे निघालं तर नीट बोला.

---

भुसावळ_फलाट | गुरुवार, रात्री ९.००

सगळं वाचूनही माझं मत फारसं बदललेलं नाही, पण थोडं दुरुस्त करतो. "नाही म्हणा" ऐवजी "घाई करू नका" म्हणेन. माझ्या बहिणीला कुणी वर्षभराची सवड दिली असती तर तिला दिसलं असतं.

---

कांदेबाग | अखाजीनंतर दोन दिवसांनी, रात्री ११.००

लिहायला उशीर झाला, घर पाहुण्यांनी भरलं होतं. मोठी बहीण माहेरी आलेली, अंगणात झोका बांधलेला, ४४ अंशांच्या उन्हात आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या. सकाळी आईने आजोबांची घागर भरली. दुपारी तो, त्याचे वडील आणि काका आले.

त्याला मी काहीच सांगितलं नव्हतं. धागाही नाही, पांझराकाठताईंचं म्हणणंही नाही.

विषय माझ्या मामांनी काढला. तेही चांगल्या मनाने, त्याची बाजू सावरायला. म्हणाले, "जुनं सगळं सोडा हो. ती धुळ्याची पोरगी तरी कुठे धड होती म्हणे, बरं झालं सुटलात." त्याचे काका लगेच मान हलवायला लागले. त्याला फक्त गप्प बसायचं होतं. मी दाराआड उभी होते, हातात सांजोऱ्यांचं ताट, आणि माझे पाय खरंच कापत होते.

तो म्हणाला, "नाही मामा. ती धड होती. शब्द मी दिला होता आणि मी मोडला. तिच्याबद्दल असं कुणी बोललं तर त्याला माझ्याकडे पाठवा."

त्याच्या काकांचा चेहरा उतरला. वडिलांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मामा काही बोलले नाहीत, पाण्याचा तांब्या उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला. मग माझे वडील म्हणाले, "बाई, सांजोऱ्या आण."

मी हो म्हटलं. पण फलाटदादा, तुमचं ऐकून. लग्न या ज्येष्ठात नाही. पडलेल्या बागेच्या जागी पावसाळ्यानंतर लावलेली केळीची कांदेबाग कापून झाली की तुळशीच्या लग्नानंतर. त्याच्या वडिलांना ते आवडलेलं नाही. तो म्हणाला की त्याने बागेला दिलेला इसार अजून आमच्याकडेच आहे, म्हणजे बागेपर्यंत थांबायलाच हवं. तोवर तो दिवसाउजेडी, पुढच्या दाराने घरी येईल. भीती अजून गेलेली नाही. ती घेऊनच हो म्हटलं आहे.

---

यावलचे_अण्णा | दुसऱ्या दिवशी, सकाळी ६.१५

कांदेबागेला वैशाखाचं ऊन लागतं बाई. कडेने शेवरी नसेल तर हिरवी जाळी तरी बांध. बाकी तुझं चांगलं होवो.

---

पांझराकाठ | दुसऱ्या दिवशी, रात्री १०.०५

वाचलं. मग आईच्या फोटोसमोर बसून मोठ्याने वाचलं.

लग्नात मांडे असतील तर मला बोलवा. खापरावर माझा हात चांगला आहे, पन्नास माणसांचे एकटी टाकते.

---

कांदेबाग | दुसऱ्या दिवशी, रात्री १०.२०

पत्ता खाजगी निरोपात पाठवते. या. दोन दिवस आधीच या.